आमच्या आमदाराचं काय करायचं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कोचिंग क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर, रविवारी भर दुपारी, आम्ही पंधरावीस बाप्ये बारावीच्या पोरांच्या बाकांवर बसलो होतो. बाक इतके अरुंद की पोट आत ओढून बसावं लागत होतं, आणि आमच्यात पोट नसलेला कार्यकर्ता एकही नव्हता. फळ्यावर आदल्या दिवशीचं भौतिकशास्त्राचं गणित तसंच राहिलं होतं. क्लास चालवणारे सर आमच्यातलेच. त्यांनी गणित पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘अपक्ष की पक्ष?’ आमच्या आमदाराचं पुढं काय करायचं ते ठरवायला आम्ही जमलो होतो. आमदाराला बोलावलं नव्हतं.

आज मला पहिल्यांदा तेच टोचतं. ज्याच्या भवितव्याची चर्चा तोच बाहेर, आणि आमच्यातल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आमदार म्हणजे माझा शाळूसोबती. गडहिंग्लजला आम्ही एका वर्गात होतो. पुढं त्यानं वडिलांचं गुऱ्हाळ चालवलं आणि मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती उचलून माझ्याकडं आणतात. त्याच्या डोक्यात तरुणपणापासून एकच खूळ होतं, की माणसाला त्याचं त्याला करू द्या. सरकारनं रस्ता करावा, चोर धरावा, भांडणाचा निवाडा करावा आणि बाकी वेळ गप्प बसावं. एका हंगामात राज्याच्या हद्दीपलीकडच्या कारखान्याला ऊस न्यायला बंदी आली, तेव्हा हा स्वतः ट्रॅक्टर चालवत हद्दीवर गेला. ट्रॉली अडवली तर तिथंच बसला. ‘ऊस आम्ही पिकवायचा आणि न्यायचा कुठं ते तुमी सांगायचं, ह्ये कुठलं?’ एवढंच तो प्रत्येकाला विचारत होता. त्या बसण्यानं तो आमदार झाला, तोही अपक्ष.

मग विधानसभेत त्यानं प्रत्येकाचीच खोड काढली. फुकट वाटपाच्या योजनेविरुद्ध बोलला, तर त्याच्या गल्लीतल्या बायकांनी वहिनींना हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. पोलिसांना जादा अधिकार देणारं एक विधेयक आलं, तेव्हा विरोधात तो एकटा उभा राहिला. हेल्मेटसक्तीच्या विरोधात सगळं कोल्हापूर ओरडत होतं, त्या सभेत तोही बोलला, पण आला होता हेल्मेट घालून. लोक हसले. तो म्हणाला, ‘डोकं माझं हाय, म्हणून घातलंय. सरकारचं असतं तर घातलं नसतं.’ अशा माणसावर जीव न लावायचा म्हणजे अवघडच. आम्ही लावला.

त्याच्या घराच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, एक पाटी होती, ‘शिफारसपत्र मिळणार नाही.’ कुणी बदलीसाठी येवो, कुणी दाखल्यासाठी, तो नियमाचं पुस्तक काढायचा, त्या पानाची झेरॉक्स हातात द्यायचा, शेजारी बसून अर्ज लिहायला शिकवायचा आणि म्हणायचा, ‘नियमात बसतंय तर कुणाच्या पाया पडायची गरज न्हाई. बसत न्हाई, तर माझ्या सहीनं का बसावं?’ लोक झेरॉक्सची घडी करत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत पायऱ्या उतरायचे. आमदार झाल्यावर छापून घेतलेलं लेटरहेडचं पॅड तसंच पडून होतं. वहिनी त्यावर वाण्याची यादी लिहायच्या.

हे सगळं मी चारचौघांत अभिमानानं सांगत असे. मग माझ्यावर वेळ आली.

माझी लेक सरकारी दवाखान्यात नर्स. नेमणूक पार विदर्भाच्या टोकाला. जावयाची नोकरी इकडं, आणि चार वर्षांची नात आमच्याकडं. संध्याकाळी आई व्हिडिओ कॉल करायची. पोरगी इतकी लहान की फोन खाली ठेवला असला तरी त्यालाच ‘आई’ म्हणून हाक मारायची. एकदा तिनं फोनला वरणभात भरवला. बायको फोन पुसत स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी मी मित्राकडं गेलो.

त्यानं नियमाचं पुस्तक काढलं. मला तिथंच राग आला. माझ्यासमोर पुस्तक! नियमात लेकीचं बसत होतं, यादीत तिचं नाव होतं, फक्त यादी हलत नव्हती. तो म्हणाला, ‘यादी का हलत न्हाई ते आपण माहितीच्या अधिकारात इचारू.’

‘इचारत बस,’ मी म्हणालो. ‘तवर नात लग्नाला येईल. एक चिठ्ठी लिव की रं. दोन ओळी.’

तो म्हणाला, ‘दोन ओळी न्हवं रं. यादीत तुझ्या लेकीच्या वर जी पोरगी हाय, तिच्या बा ला मी काय सांगू?’

त्याचं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच राग जास्त. वहिनींनी चहा आणला होता. तो तसाच ठेवून मी उठलो. त्यानंतर त्याच्या सोप्यावर जात राहिलो, सभांना जात राहिलो, त्याच्या बाजूनं भांडत राहिलो, पण त्याच्या घरचा चहा घेतला नाही. विचारलं की म्हणायचो, ‘पित्त झालंय.’ वर्षभर मला पित्त होतं.

तर त्या रविवारी क्लासमध्ये. निवडणूक वर्षावर आलेली. सत्तेतल्या एका मोठ्या पक्षाकडून निरोप आला होता की आत्ता पाठिंबा जाहीर करा, निवडणुकीला प्रवेश करा, तिकीट तुमचंच. सरांनी फळ्यासमोर येरझाऱ्या घालत, शिकवतात तसंच समजावून सांगितलं. मागच्या खेपेला उसाच्या रागावर निवडून आलो. आता तो राग निवला. बायका नाराज, अधिकारी नाराज, दोन्ही बाजूंचे पुढारी नाराज. एकटा उभा राहिला तर पडणार.

हुपरीचे एक चांदीकाम करणारे कारागीर होते, घरातच पैंजणांचा कारखाना. ते उठले. ‘आमचं बघा. सुटं घुंगरू हातावर घिऊन किती बी हालवा, शेजारच्याला ऐकू जात न्हाई. पट्टीला लावलं की गल्लीभर वाजतंय. साहेबास्नी पट्टीला लावा की आता.’ बाकांवर टाळ्या पडल्या.

मग निवृत्त कंडक्टर बोलले. यष्टीत उभी हयात गेलेली, त्यामुळं बसल्या जागी बोलणं त्यांना जमतच नाही. दोन बाकांच्या मधे येऊन, एक हात वर धरल्यासारखा करून ते म्हणाले, ‘गाडीत चढायच्या आदी पाटी बघावी मानसानं. त्या गाडीवर आपल्या गावाची पाटी न्हाई. त्यो एकटा उभा ऱ्हातोय म्हणून तर आपण त्येच्या मागं आलो. आता त्योच गर्दीत बसला, तर आपण कुणाच्या मागं जायाचं?’

‘पडलं तर काय करायचं मास्तर?’ कुणीतरी कंडक्टरांना विचारलं.

‘पडू दे की. पडल्यावर बी त्यो त्योच ऱ्हाईल.’

मला आतून पटलं. अगदी शब्द न शब्द पटला. माझं मत पहिल्यापासून तेच होतं, अपक्षच उभं राहावं, पडलं तर पडलं. मी उठून तसं म्हणणारही होतो. तेवढ्यात सर म्हणाले, ‘आणि अजून एक बघा. पक्षात गेलं की कामं हुत्यात. ही पत्राची अडाणी पाटी तेवढी निघंल. चार लोकांची पत्रं लिवावीच लागतील त्यास्नी.’

मी उठलो नाही. उगाच शब्दांचे खेळ कशाला करू? मला माझी नात दिसली आणि मी बसून राहिलो. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा हात पक्षाच्या बाजूनं वर गेला.

इथंच मिटलं असतं तरी चाललं असतं. पण सरांना एक धास्ती होती. ‘साहेबांची सवय म्हाईत हाय न्हवं? त्ये एकेकाला बाजूला घिऊन इचारणार, तुझं मत काय? मग एक हिकडं, एक तिकडं. सगळ्यांनी एकच सांगितलं पायजे.’ खरंच त्याची तशी सवय होती. बैठकीतल्या ठरावावर त्याचा विश्वास नसे. गर्दीत माणूस स्वतःचं बोलत नाही, असं तो म्हणायचा.

तेव्हा हुपरीच्या कारागिरांनी खिशातून प्लॅस्टिकची छोटी पुडी काढली. पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा. तो त्यांच्या खिशात कायम असतो. कोपऱ्यावरच्या देवळातून बेलाची पानं आली. आमच्याकडं सोसायटीची निवडणूक असो की ग्रामपंचायतीची, माणूस फुटायची भीती वाटली की बेल-भंडारा उचलायला लावतात. बेलाचं पान आणि ती पिवळी हळद मुठीत धरून शब्द द्यायचा. त्यानंतर जो फुटेल त्याला देव बघून घेतो, आणि देवाच्या आधी गाव बघून घेतं. शब्द ठरला तो असा की साहेबांनी विचारलं तर प्रत्येकानं ‘पक्षात जा’ एवढंच सांगायचं, आणि बैठकीत काय झालं ते बोलायचं नाही.

ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं की ज्याचं मत त्याचं, त्याच्या भल्यासाठी आम्ही आमची मतं एका पुडीत बांधत होतो. आमचं हसू यावं असंच ते होतं. पण त्या खोलीत कुणी हसलं नाही.

फक्त कंडक्टर चपला घालायला लागले. म्हणाले, ‘माझ्या घरात बुद्धवंदना असती. माझ्या बा नं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासनं भंडाऱ्याची शपथ आमच्यात न्हाई. पण असती तरी ही घेतली नसती. त्या मानसानं आपल्याला इचारलं तर आपलं सांगावं, का पढवलेलं?’

‘मग तुमी जाऊन सांगणार व्हय हितलं?’ सर म्हणाले.

‘माझं मत सांगणार. तुमचं तुमच्यापाशी. चुगल्या करायची सवय न्हाई मला.’ आणि ते जिना उतरून गेले. मी त्यांच्या मागं जाऊ शकलो असतो. जिना चार पावलांवर होता. मी रांगेत उभा राहिलो, माझी पाळी आली, आणि मी भंडारा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात आला. स्कूटर लावली, हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं आणि स्टुलावर बसला. मी एका मोटारीत तांब्याची तार भरत होतो. हात वॉर्निशनं काळे. तो थोडा वेळ नुसता तार बघत राहिला.

‘कंडक्टर म्हणत्यात अपक्ष उभा ऱ्हा,’ तो म्हणाला. ‘बाकीची सगळी पोपटागत एकच बोलायल्यात. कुणाचं खरं तेच कळंना झालंय. म्हटलं तुला इचारावं. तू सांगशील तसं करतो.’

त्यानं असं म्हणायला नको होतं. तुझं काय म्हणणं, एवढंच विचारलं असतं तर मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटलो असतो. मी तारेवरची नजर काढली नाही. ‘जा पक्षात,’ म्हणालो.

‘तुझं मत हाय हे?’

‘व्हय.’

तो माझ्या हाताकडं बघत होता. बराच वेळ बघत होता. मग ‘बरं’ म्हणाला आणि उठला. हेल्मेट डोक्यात न घालता हँडलला अडकवून तो गेला. मी ते पाहिलं आणि परत तार भरायला लागलो. ती मोटार मी चुकीची भरली. पुढच्या आठवड्यात शेतकरी ती परत घेऊन आला.

पाठिंबा जाहीर झाला. मोठमोठे हार, मोठमोठे फोटो, त्यात तो हरवलेल्या पावण्यासारखा उभा. त्याच आठवड्यात वहिनींनी माझ्या बायकोकडं एक पाकीट दिलं. आत लेटरहेडवर त्याच्या हातचं पत्र, माझ्या लेकीच्या बदलीची शिफारस. दोन ओळींचंच. मी पुन्हा मागितलं नव्हतं. कागद उजेडात धरला तर वरच्या पानावर कधीतरी दाबून लिहिलेल्या वाण्याच्या यादीचे वळ दिसत होते. मला ‘तूरडाळ’ एवढं वाचता आलं. माझ्या माहितीत त्यानं लिहिलेलं ते पहिलं शिफारसपत्र. त्यानंतर पुष्कळ लिहिली असतील, कारण सोप्यावरची पाटी निघाली आणि भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला.

जी यादी दोन वर्षं हलली नव्हती ती हलली. लेक गडहिंग्लजला आली. घरात पेढे आले. बायको म्हणाली, ‘पहिला पेढा त्यांच्याकडं घिऊन जावा.’ मी म्हणालो, ‘तूच जा.’ लेकीच्या वरच्या नंबरवर कोण पोरगी होती ते मी कधी विचारलं नाही. तिलाही कुठंतरी बाप असेलच.

पुढच्या अधिवेशनात ते पोलिसांचं विधेयक परत आलं. पाठिंबा दिलेला माणूस विरोधात कसा बोलणार? तो गप्प बसला. टीव्हीवर दोन क्षण दिसला, मान खाली. कंडक्टरांचा फोन आला. ‘बघितलासा व्हय?’ एवढंच म्हणाले. मी फोन ठेवून दिला.

आणि इतकं करून तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. पाठिंब्याच्या दिवशी ज्यांनी मिठी मारली होती त्यांनीच सांगितलं, ‘यावेळी समजून घ्या, पुढं बघू.’ अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. सरांनी पुन्हा क्लासमध्ये बोलावलं. तेच बाक, तोच फळा. आता सगळ्यांचं एकमत झालं की साहेबांनी अपक्ष उभं राहावं! आम्ही गाड्या काढून त्याच्याकडं गेलो आणि सोप्यावर उभं राहून तसं सांगितलं.

त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. ‘मागच्या खेपेला बी तुमी एका तोंडानं बोललासा,’ तो म्हणाला. ‘आता बी एका तोंडानंच बोलायलायसा. मी कुठल्या तोंडानं मतं मागू?’ मग तो आत गेला. आम्ही पायऱ्या उतरलो. आमच्या हातात झेरॉक्ससुद्धा नव्हती.

निवडणूक झाली. नव्या आमदाराच्या बंगल्यासमोर आता पत्रासाठी रांग असते, आणि त्या रांगेत आमच्या बैठकीतले चारपाच जण मी स्वतः पाहिलेत. सर नव्या आमदाराच्याच कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करतात. कंडक्टर भेटले की नमस्कार करतात, पण थांबत नाहीत.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडं गेलो. मला ते पोटात ठेवणं जमेनासं झालं होतं. दुपारची वेळ होती, तो सोप्यावर पेपर वाचत होता. वहिनींनी चहा आणला, आणि मी तो घेतला. मग सगळं सांगितलं. क्लास, पुडी, शब्द, माझा हात.

‘म्हाईत हाय,’ तो म्हणाला.

‘कंडक्टरनी सांगितलं?’

‘न्हाई. त्यांनी तुमचं नाव बी काढलं न्हाई. तुझ्या नखात भंडारा हुता त्या दिवशी. वॉर्निशच्या हातात पिवळं लगीच दिसतंय की.’

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, ‘म्हाईत हुतं तर ऐकलास कशाला माझं?’

‘वाटलं, भंडारा उचलला असला तरी मला तू खरं सांगशील. म्हणून दोनदा इचारलं.’ त्यानं पेपरची घडी घातली. ‘तू व्हय म्हणालास. मग म्हटलं, ह्यो एवढा देवाला घाबरणारा माणूस, ह्येनं खोटा भंडारा उचलला, तर पोरीसाठीच उचलला असंल. वर्षभर माझ्या घरचा चहा घेत न्हवतास. मी काय लई मोठं तत्त्व सांभाळत बसलोय, असं झालं मला त्या दिवशी.’

बाहेरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. त्याची नजर ट्रॉलीमागं गेली.

‘आता सांग,’ तो म्हणाला. ‘आता काय उपयोग न्हाई, पण सांग. तुझं खरं मत काय हुतं?’

‘अपक्षच उभा ऱ्हा, असं हुतं.’

त्यानं मान हलवली. ‘तेवढं ऐकायलाच आलतो की रं मी तुझ्या दुकानात.’

मी घरी आलो. लेक ड्युटी करून आली होती आणि नातीची वेणी घालत होती. नात मला तिच्या नव्या रिबिनी दाखवत होती. मी ‘छान हाय’ म्हणालो, मोरीत गेलो आणि उगाचच नखं घासत उभा राहिलो.